पहिल्यांदा आलेल्या कुटुंबांचे स्वागत करणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बालकार्यक्रमांत नव्याने येणाऱ्या कुटुंबांच्या स्वागताचे आणि नंतरच्या विचारपुशीचे काम आपण अनेक वर्षे सांभाळलेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गोष्ट सांगणाऱ्याचे आणि खेळ घेणाऱ्याचे कौतुक कार्यक्रम संपताच होते; एखादे कुटुंब दुसऱ्यांदा का आले, याचा विचार मात्र सहसा कुणी करत नाही, आणि केलाच तर त्याचे सारे श्रेय कार्यक्रमाला देऊन मोकळे होतात.

पहिल्यांदा आलेल्या पालकांना कार्यक्रम चांगला आहे की नाही, हा प्रश्न बराच नंतर पडतो. मूल कुणाच्या स्वाधीन करायचे, आपण थांबायचे की निघायचे, स्वच्छतागृह कुठे आहे, नेमके किती वाजता सुटणार, हे त्यांना आधी हवे असते आणि विचारायला संकोच वाटतो. आपण ते विचारण्याची वेळच त्यांच्यावर येऊ दिली नाहीत. नोंदणीचा अर्जही आपण आग्रहाने छोटा ठेवायला लावलात: मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात, कशाची ॲलर्जी आहे का, न्यायला कोण येणार आणि तातडीच्या वेळी फोन कुणाला करायचा. बाकीची माहिती सवडीने घेता येते, असे आपले म्हणणे होते, आणि रांगेत ताटकळून कंटाळलेले मूल आत येऊन काय करते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते पटावे.

मुलाशी बोलताना आपण नेहमी खाली बसून, त्याच्या नजरेच्या पातळीवर येऊन बोललात. रडणाऱ्या मुलाची नजर चुकवून निसटू पाहणाऱ्या पालकांना आपण हळूच थांबवलेत आणि ‘जाते, इतक्या वाजता न्यायला येते’ असे त्याला स्पष्ट सांगूनच निघायला लावलेत. न सांगता निघून गेलेल्या आईला मूल पुढच्या वेळी अधिकच घट्ट धरून ठेवते, हे आपल्यामुळे आमच्या तरुण स्वयंसेवकांना कळले. जे मूल आईवडिलांना सोडायला तयारच नसे, त्याच्या पालकांसाठी आतच भिंतीलगत एक खुर्ची ठेवण्याची पद्धतही आपलीच.

तरीही मला सर्वाधिक मोल वाटते ते आपल्या नंतरच्या फोनचे. फोन करण्यापूर्वी आपण त्या गटाच्या ताईंना किंवा दादांना गाठून मुलाविषयीची एक तरी खरी गोष्ट विचारून घेतलीत, त्यामुळे बोलणे ‘कार्यक्रम कसा वाटला?’ या ठरावीक प्रश्नापाशी अडले नाही. पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात आपण त्या पहिल्या फोनमध्ये कधीच केली नाहीत. शक्य असेल तेव्हा मुलालाच फोनवर बोलावून त्याला काय आवडले आणि काय नाही, हेही विचारलेत. स्वतःशी संबंधित बाबींत आपले मत मांडण्याचा मुलाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील 12व्या कलमाने मान्य केला आहे. आपण त्याचा उल्लेख कधी केला नाहीत, फक्त मुलाने सांगितलेले लिहून घेऊन आमच्यासमोर ठेवलेत. (ढोलाचा आवाज फार मोठा होतो, ही तक्रार आम्हाला अशीच कळली.)

कुणी ‘पुन्हा येणे जमणार नाही’ म्हटले, तर आपण कारण खोदून विचारले नाहीत आणि त्यांचे नाव यादीतून काढलेत. परवानगी नसताना कुणाचा नंबर गटात घालू दिला नाहीत, मुलांची छायाचित्रे तर नाहीच नाही. यावरून आपले काही सहकाऱ्यांशी खटके उडाले, आणि माझ्या मते त्या प्रत्येक वेळी आपलेच म्हणणे रास्त होते.

दुसऱ्या भेटीत कुटुंब धड पाहुणे नसते आणि धड घरचेही नसते. नेमके त्याच वेळी आयोजकांचे लक्ष नव्यांकडे वळते. आपण मात्र त्यांना नावाने हाक मारलीत, त्याच वयाचे मूल असलेल्या एखाद्या जुन्या कुटुंबाशी ओळख करून दिलीत आणि बोलणे सुरू होताच बाजूला झालात. हे बाजूला होणे आमच्यापैकी अनेकांना अजून जमत नाही.

आपण आता या जबाबदारीतून मोकळ्या होत आहात आणि आपल्या जागी तिघेजण हे काम वाटून घेणार आहेत. नवे सत्र सुरू होण्यापूर्वी त्यांच्यासोबत तासभर बसावे, विशेषतः तो पहिला फोन कसा करायचा ते त्यांना समोर करून दाखवावे, अशी विनंती आहे. दिवस आणि वेळ आपण सांगाल ती.

आपला नम्र,
बालकार्यक्रमांचा संयोजक