काका, आमच्या होम स्टुडिओसाठी मनापासून थँक्यू!

काका, फोनवर थँक्यू म्हणून झालं पण समाधान होईना, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आईचे अभंग घरीच नीट रेकॉर्ड करायचे आणि पेटी मी वाजवणार, एवढंच डोक्यात होतं. माइक कुठला घेऊ विचारायला आलो तर तुम्ही उलट मलाच विचारलंत, "गाणार कुठल्या खोलीत?" आणि आकाशवाणीत आयुष्यभर रेकॉर्डिंग केलेला माणूस दुसऱ्या दिवशी चक्क डोंबिवलीला आमच्या वन बीएचकेत येऊन कोपऱ्याकोपऱ्यात टाळ्या वाजवून ऐकत होता! हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंती, टाळी टणटणत राहायची, बेडरूममध्ये गादी आणि कपड्यांच्या ढिगामुळे लगेच बसायची, म्हणून बेडरूम ठरली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्याचे ट्रे लावायचा विषय तुम्ही तिथेच संपवलात आणि आजीच्या दोन जाड गोधड्या आईच्या पाठीमागे टांगायला लावल्यात. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि त्याच्या समोर आई असते तशी आईच्या मागची भिंतही असते, हे कुठल्या व्हिडिओत मला इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. तरी गोधडीने खालचा घुमारा जात नाही, तो कोपऱ्यात साठतो, म्हणून आईला कोपऱ्यात बसवू नको, हेही तुम्हीच सांगितलंत.

माइकचं तर काय सांगू. जो तो म्हणत होता आवाजासाठी कंडेन्सरच घे, म्हणजे बारीकसारीक सगळं टिपणारा माइक. तुम्ही खिडकी उघडली, लोकल ऐकली आणि म्हणालात आईला एसएम ५८ दे. १९६६ पासून बाजारात असलेला साधा डायनॅमिक माइक, म्हणजे लांबचं फारसं न टिपणारा, पण चार बोटांच्या अंतरावरून गायलं की बाहेरचं बरंच मागे पडतं, आणि इतक्या जवळून आवाजाला खालचा भरणा मिळतो तो आईच्या बारीक आवाजाला काय शोभतो! पेटीला मात्र कंडेन्सरच, एटी २०२०, सुरांच्या वर दीड फुटावर, भात्याच्या बाजूला नाही कारण तिथे हवेचा फुसफुसाट येतो. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागतो आणि ५८ ला लागत नाही, हे तर तुम्ही आईलासुद्धा समजावलंत, आता बटण तीच दाबते.

इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, दोन इनपुटचा, स्कारलेट २आय२. "माणसं दोन, माइक दोन, आठ इनपुट कशाला?" यात माझे पैसे किती वाचले ते मलाच माहीत, त्यातूनच एम५० एक्स हेडफोन आले. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघितलं आणि मग लायसन्स घेतलं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आईला क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या टिकटिकीच्या ठेक्यावर, गायला लावू नको असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. आम्ही दोघं समोरासमोर बसतो, मध्ये पेटी, आणि आईच्या माइकची पाठ बरोबर पेटीकडे. पाठीमागचं तो सगळ्यात कमी ऐकतो म्हणून तिच्या ट्रॅकवर पेटी अगदी मंद येते, आणि ती "विठ्ठल" वर मनाला येईल तेवढी रेंगाळते, मी डोळ्यांनी तिला धरून वाजवतो. वेगवेगळं रेकॉर्ड केलं असतं तर हे कुठून आलं असतं?

रेकॉर्डिंगची लेव्हल -१२ डेसिबलच्या आसपास ठेवतो, २४ बिटच्या रेकॉर्डिंगला लाल दिव्यापर्यंत ढकलायची गरज नाही हे पक्कं बसलंय. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरच्या शिट्ट्या आधी संपवायच्या, आणि लॅपटॉपचा चार्जर काढायचा, त्याने ती बारीक घूं थांबली. हे सगळं तुम्ही फोनवर, रात्री साडेदहालासुद्धा, एकदाही न वैतागता सांगत राहिलात आणि पैशाचं नाव काढलं की फोन ठेवायचात.

तर काका, थँक्यू, आईकडूनही. पाच अभंग तयार आहेत, पेन ड्राइव्ह घेऊन रविवारी येतो. आणि हो, पुढच्या महिन्यात मामा पखवाज घेऊन येतोय, तर कणीक लावतात त्या बाजूला माइक किती लांब ठेवायचा ते तेव्हाच विचारून घेतो.