लघुपट स्पर्धांत आवाजाला गुण किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर-जानेवारीत ठाणे, वाशी, नेरूळच्या कॉलेजांत लघुपट स्पर्धांचा हंगाम असतो. परीक्षकांच्या तक्त्यात कथा, अभिनय, छायाचित्रण, संकलन यांना स्वतंत्र रकाने असतात, आवाज मात्र बहुतेक वेळा 'तांत्रिक बाजू' या रकान्यात कोंबलेला. मुलंही त्याच हिशेबाने शिकतात. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं उपकरण) भाड्याने आणतात आणि संवाद आठ फुटांवरच्या मोबाइलच्या माइकवर घेतात. पडद्यावर तो प्रसंग आला की प्रेक्षक शेजाऱ्याला विचारतात, 'काय म्हणाला?'

माइक लांब गेला की नुसता आवाज बारीक होतो, असं मुलांना वाटतं. बारीक आवाज वाढवता येतो, अडचण ती नाहीच. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो आणि खोलीचा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. घुमारा काढायचं सॉफ्टवेअर फार रेटलं, की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं. आपल्याकडच्या वन बीएचकेत खाली फरशी, चहूबाजूंनी रंगवलेल्या भिंती, म्हणजे घुमाऱ्याचं माहेरच. बूम, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक, डोक्यावरून खाली रोखलेला असतो, त्यामुळे तोंडानंतर त्याला ऐकू येते ती जमीन. तिथे फ्रेमच्या बाहेर दोन गोधड्या आणि एक जाड चटई टाकली तरी फरक लगेच कळतो. बूम जमेल तितका फ्रेमच्या कडेपर्यंत खाली आणायचा, डोक्यापासून दीड-दोन फुटांवर. काठी महागडीच हवी असं नाही. रंगाऱ्यांची लांब होणारी काठी चालते, फक्त माइक रबरी झोळीत टांगलेला हवा, नाहीतर हाताची प्रत्येक हालचाल मुद्रित होते. लेपल माइक, म्हणजे कपड्यात लावायचा छोटा माइक, हनुवटीखाली एक वीत. मंगळसूत्र, ओढणीची किनार आणि सिंथेटिक कुर्ता हे त्याचे तीन शत्रू. माइकच्या खाली वायरीचा एक छोटा फास करून तो डॉक्टरी चिकटपट्टीने कपड्याच्या आतून बसवला, की ओढ माइकपर्यंत पोहोचत नाही.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. मीटरवर शून्य ही वरची हद्द, नेहमीचं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावं. पात्र ओरडणार असेल तर तेच वाक्य तालमीत ओरडायला लावून पातळी लावायची. शून्याला धडकून फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

पंखा आणि फ्रीज बंद करायचे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. फ्रीज पुन्हा चालू करायचं मात्र राहून जातं आणि ज्यांच्या घरी शूटिंग असतं त्यांचं दूध नासतं. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, ही युनिटची जुनी युक्ती. किल्ली घेतल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही!

रुळांलगतच्या इमारतींत वेगळीच पंचाईत. नायिकेच्या शॉटमध्ये लोकल धडधडत जाते, उलट बाजूने घेतलेल्या नायकाच्या शॉटमध्ये ती गायब. दोन्ही जोडले की प्रत्येक कटला गाडी येते-जाते. गाडी ऐकू आली की थांबायचं आणि ती गेल्यावर अख्ख्या वाक्यापासून पुन्हा घ्यायचं, अर्ध्यापासून नाही. गाडी हवीच असेल तर ती वेगळी मुद्रित करून संकलनात सलग खाली घालावी. तसंच प्रत्येक जागी, सगळी मंडळी आत असतानाच, एक मिनिट कोणीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करायची. युनिट याला रूम टोन म्हणतं. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजवतात. पॅकअपच्या घाईत पहिला बळी याच मिनिटाचा जातो.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला किंवा खाडीकाठी वारा असतो तेव्हा माइकवरचा साधा फोम पुरत नाही, केसाळ टोपीच लागते.

चित्राचंही थोडं. मोबाइल आपणहून बहुधा सेकंदाला ३० फ्रेम धरतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश किती वेळ मिळतो ते, स्वतःच ठरवतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर लावलं की हे टळतं. फोनचा फ्रेमदर शूटिंगभर थोडा हलतो. म्हणून संकलनाआधी क्लिप स्थिर २५ वर बदलून घ्यावी, नाहीतर लांबलचक टेकच्या शेवटी ओठ आणि शब्दांची फारकत होते. वेगळा रेकॉर्डर वापरला तर चित्र आणि आवाज नंतर जुळवायला क्लॅप लागतोच, पाटी नसेल तर फ्रेममध्ये टाळी. ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी मावळतीचा प्रकाश हवा असेल तर पंचांगातली सूर्यास्ताची वेळ धरून पोहोचू नये. पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, सूर्य त्याआधीच त्यांच्याआड जातो.

आयोजकांकडे तीन मागण्या. आवाजाला स्वतंत्र २० गुण द्यावेत. आणि लघुपटासोबत एका प्रसंगाचं मूळ, न सजवलेलं ध्वनिमुद्रण आणि रूम टोनची फाइल मागावी. पार्श्वसंगीताचा जाड थर देऊन काय झाकलंय, ते परीक्षकांना पाच मिनिटांत कळेल. शिवाय परीक्षण लॅपटॉपच्या स्पीकरवर करू नये. त्यावर पंख्याची घरघर ऐकूच येत नाही, सभागृहात मात्र तीच आधी येते.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि संकलनाच्या कामातले काही वाचक, ठाणे