रात्रीच्या वादळाचा अंदाज वेगळा छापा

मा. संपादक,

तुमच्या पेपरात रोज एक ओळ येते, 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस', तिच्याबद्दल लिहितोय. सकाळी चहासोबत ती वाचायची आणि वादळ येणार रात्री दोनला, मग ती ओळ नेमकी कोणासाठी?

दुपारच्या वादळाचं तसं सरळ असतं, ऊन तापतं, हवा वर जाते, चार-पाचला ढग उभा राहतो, आपल्याला दिसतो तरी. रात्री मात्र जमीन गार होते, तिच्यालगतची हवा झाकणासारखी बसते आणि आपण म्हणतो चला, टळलं. पण त्या झाकणाच्या वर, किलोमीटर-दीड किलोमीटरवर, हवा अजून गरम आणि दमट असते, त्यात जमिनीचं घर्षण सुटलं की काही शे मीटर उंचीवरचा वारा मध्यरात्रीकडे जोर धरतो (याला लो लेव्हल जेट म्हणतात) आणि आणखी दमट हवा ओढून आणतो. संध्याकाळची सुटी सुटी वादळं एकमेकांत मिसळून एकच लांब रांग बनते ती वेगळीच. खाली अंगणातल्या थर्मामीटरला यातलं काहीच कळत नाही, आणि वरची हवा मोजणारे बलून बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदाच सुटतात. रात्रीची वादळं नेमकी उठतात कुठे हे शोधायला 2015 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मैदानी भागात शास्त्रज्ञांनी पेकन नावाची मोठी मोहीम काढली होती, म्हणजे त्यांनाही हे सोपं जात नाही.

29 जून 2012 चं उदाहरण बघा. शिकागोच्या बाजूला दुपारी सुरू झालेली वादळाची रांग रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वॉशिंग्टनवर आदळली, लाखो घरांची वीज गेली. आदल्या दिवशी कॉम्प्युटर मॉडेल्सना ती नीट पकडता आली नव्हती, पण रांग तयार झाल्यावर रडारवर दिसत होती आणि मग इशारे देता आले. रात्रीच्या वादळात आदल्या दिवसाचा अंदाज फक्त 'सावध राहा' एवढंच सांगू शकतो. खरी माहिती येते शेवटच्या दोन-तीन तासांत, नाउकास्टमधून (म्हणजे पुढच्या काही तासांपुरता ताजा अंदाज), आणि तेव्हा आपण घोरत असतो. मी पण घोरत होतो, फोन सायलेंटवर, सकाळी उठून बघतो तर इशारा 1:40 चा आणि खिडकीची काच फुटून पलंगाखाली.

म्हणून म्हणतो, रात्रीचा धोका वेगळ्या चौकटीत छापा. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मुख्य भीती कशाची, वाऱ्याची, गारांची की विजांची, आणि शक्यता किती टक्के. टक्के छापले की लोक चिडतात हे मला माहितीये, 30 टक्के म्हणाले आणि काहीच झालं नाही, खोटारडे वगैरे. अहो, 30 टक्के म्हणजे अशा दहा रात्रींतल्या साधारण तीन रात्री वादळ येणार आणि सात रात्री तुम्ही शांत झोपणार, त्यात खोटं काय? हे एकदा त्याच चौकटीखाली छापून टाका. आणि शेवटी एक ओळ, झोपताना इशाऱ्याचा आवाज चालू ठेवा.

रंगीत नकाशा नको, तो पेपर छापायला जाईपर्यंत शिळा होतो.

आपला,
एक नियमित वाचक