ती एकटी नाचतेय, नाचू दे

प्रिय ओम,

परवा फोनवर तू म्हणालास की आई, तुझ्या झुंबा क्लासमधली ती रेगेटॉन गाणी, ती स्पॅनिशमधली ठेक्यावर नाचायची, म्हणजे बायकांना खाली दाखवणारा नुसता धांगडधिंगा. तेव्हा मी गप्प बसले पण मला ते लागलं, म्हणून लिहितेय. तुझं अर्धं खरंय, त्यात बरीच गाणी पुरुषांचीच, बाई फक्त कंबर हलवायला. पण त्याच गर्दीत पोर्तो रिको बेटावरची गायिका आयव्ही क्वीन उभी राहिली रे, नव्वदच्या दशकात तिथल्या सान हुआन शहरातल्या 'द नॉइज' ग्रुपमध्ये मुलांच्या घोळक्यात रॅप करायची, आवाज जाड आणि घोगरा. तिच्या 'किएरो बायलार'चा अर्थ मी शोधून वाचला. स्पष्टच लिहिते, ती त्या मुलाला सांगते की मला नाचायचंय, तुला चिकटून नाचले तरी मी तुझ्यासोबत झोपणार असा त्याचा अर्थ होत नाही. २००३ सालचं गाणं! वाचून मी किती वेळ ओट्यापाशी तशीच उभी होते. मला गणपतीच्या मिरवणुकीत नाचायची फार हौस होती, पण कोणीतरी अंगचटीला येईल म्हणून आजीने कधी सोडलं नाही, आणि आलंच असतं कोणी तर दोष माझाच धरला असता.

मग कोलंबियाची गायिका कारोल जी. पोर्तो रिकोत ड्रग्जच्या धंद्यातल्या दादाला 'बिचोते' म्हणतात, तिने त्याचंच बाईचं रूप 'बिचोता' केलं आणि मुली स्वतःला अभिमानाने तसं म्हणवून घेतात. २०२३ मध्ये तिचा अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिला आला, स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या बाईचा पहिल्यांदाच. त्यात शकिरासोबतचं गाणं आहे, दोघींची मनं मोडलेली आणि दोघी एकमेकींच्या बाजूने उभ्या, ते मी रोज ऐकते.

पोर्तो रिकोचाच गायक बॅड बनी तुला माहितीच आहे. त्याच्या २०२० च्या 'यो पेरेओ सोला'च्या व्हिडिओत शेवटी लिहून येतं की तिला तुझ्याबरोबर नाचायचं नसेल तर मान ठेव, ती एकटी नाचतेय. त्यातला बाईचा आवाज नेसी नावाच्या गायिकेचा, पण आधी गाण्यावर तिचं नावच नव्हतं, हे मला फार खटकलं. नंतर रीमिक्समध्ये तिचं नाव आलं, सोबत आयव्ही क्वीनही आली.

शनिवारी तुमच्या गॅदरिंगला डीजे आहे ना? एखाद्या मुलीभोवती कोणी घोळका करायला लागला तर त्याला हाताला धरून बाजूला घे, तुझा जिगरी असला तरी. आणि दिवाळीला आलास की ही गाणी आपण हॉलमध्ये मोठ्याने लावू.

तुझी
आई