जुन्या शेतीयंत्रांच्या अनाम सोबत्यांचे आभार

आमच्या मुंबईतील जुन्या शेतीयंत्रांच्या मंडळाचा इतिहास लिहून पूर्ण झाला, तो अनेक अनाम व्यक्तींमुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या १९०३ च्या लोखंडी नांगरापासून, महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून १९६३ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टर कंपनीपर्यंतचे धागे, त्यांनी जपलेल्या पावत्या आणि माहितीपुस्तिकांमुळेच जुळवता आले.

कुर्ल्याच्या वयोवृद्ध फिटरकाकांचे ऋण विशेष आहे. जुन्या इंजिनाचा जाम झालेला पिस्टन त्यांनी रॉकेल मुरवून, घाई न करता, लाकडी ठोकळ्याच्या हलक्या ठोक्यांनी सोडवला आणि सिलिंडरवर ओरखडाही येऊ दिला नाही. मजुरी विचारली, तेव्हा हात पुसत ते निघून गेले. अवजड नांगर टेम्पोतून उतरवणाऱ्या हमालबंधूंचेही मनःपूर्वक आभार.