पापलेटच्या रिक्षाला मीटर नाही

पाचपाखाडी, ठाणे
रविवार रात्र

प्रिय मन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी लोकलच्या दारात लटकत होतो, मुलुंड नुकतं गेलेलं, तुझं अर्धं बोलणं वाऱ्यावर गेलं म्हणून म्हटलं लिहून पाठवतो, तर तू हसलास. आता भोग आपल्या कर्माची फळं, पत्र लांबणार आहे.

मला कळलं ते एवढंच की वहिनीने पोरासाठी पुस्तकं मागवली त्यात एक भलतंच निघालं. हत्ती चहाच्या कपात बसलाय, खुर्चीला केस आलेत, असलं काहीतरी. आणि काकांचं म्हणणं की पोरगं अजून हत्तीला धड हत्ती म्हणत नाही, त्याला हे कशाला दाखवता, डोक्यात गोंधळ होईल. आणि तू मला विचारतोयस, कारण मी 'त्या लाइनमधला', पोरांच्या पुस्तकांची चित्रं काढणारा.

अरे, त्याच लाइनमध्ये मी मागच्या महिन्यात तोंडावर आपटलोय. ऐक. एका प्रकाशकाने (नाव नको, अजून दोन कामांचे पैसे यायचेत) मला सांगितलं की तीन ते सहा वयासाठी ३२ पानी पुस्तक करा, स्थानिक वातावरण पाहिजे, मजेशीर पाहिजे. मी म्हटलं चला, आपलं ठाणंच करू. ती आपली लेकीकडून परत निघालेली म्हातारी, भोपळ्यात बसून टुणूक टुणूक येणारी, ती स्टेशनवर उतरते आणि तलावपाळीला जायला रिक्षा करते. रिक्षा चालवतंय एक पापलेट. बस. एवढीच गोष्ट. पापलेट खाकी शर्टात, भोपळा मागच्या सीटवर, बाजूला दोन शेअरवाले अंग चोरून बसलेले, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी चौथी सीट म्हणून एक बगळा. अठरा दिवस रात्री जागून बारा पानं रंगवली.

परत आली. त्यावर पेन्सिलने लिहिलेलं, 'मासा पाण्याबाहेर जगत नाही, मुलांना चुकीची माहिती जाईल.' खाली दुसऱ्या पेनाने, 'बोध काय?' आणि फोनवर वर अजून सुचवलं की ड्रायव्हर माणूस करा आणि सिग्नलचे तीन रंग घाला, म्हणजे शैक्षणिक होईल. आता गंमत बघ. त्याच लोकांचं अ आ ई चं पुस्तक माझ्या टेबलावर पडलंय, त्यात अननसाला डोळे आहेत, पायात बूट आहेत आणि तो हात हलवून टाटा करतोय. त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही! अननस बूट घालतो ही माहिती बरोबर आहे बहुतेक.

तर चिडून ती पानं तशीच सोफ्यावर टाकलेली आणि ताईची धाकटी आली होती रविवारची, साडेतीन वर्षांची, तुला माहितीय ती, तोंडाचा पट्टा चालू. तिने पानं ओढली. मी म्हटलं बघू या आता ही गोंधळते का. पापलेट रिक्षा चालवतंय याचं तिला काहीच वाटलं नाही. एकदा खुदकन हसली, झालं. मग बोट ठेवून विचारते, "मामा, मीटर कुठाय?"

मी राहिलोच लावायचा! हँडलच्या बाजूला जिथे मीटर असतो तिथे मी नुसता काळा रंग मारलेला. मी म्हटलं शेअर रिक्षा आहे गं, शेअरला मीटर टाकत नाहीत. तर म्हणे टाकत नाहीत पण असतो. बरोबर आहे की नाही? मग पुढे, "याने शर्टाची बटणं कुठल्या हाताने लावली?" आणि तिसरा प्रश्न तर असा की मी खुर्चीतून उठलोच, "आजी भोपळ्यातून पैसे कशी देणार, भोपळ्याला खिडकी नाहीये." मन्या, संपादकाला पाण्याबाहेरचा मासा दिसला आणि हिला खिडकी दिसली. माशाने रिक्षा चालवायची ठरलं ना, मग चालवू दे, पण ती रिक्षा पक्की रिक्षाच पाहिजे. या वयाची पोरं नियमाला किती कडक असतात हे तुला अजून कळायचंय, पाण्याचा पेला निळ्याऐवजी हिरवा दिलास तर रडून घर डोक्यावर घेतील. असल्यांना आपण म्हणतो गोंधळतील.

कोर्नेई चुकोव्स्की म्हणून एक रशियन लेखक होऊन गेला, लहान मुलं काय बोलतात ते वर्षानुवर्षं लिहून ठेवायचा. त्याने स्वतःच्या मुलीचं लिहिलंय. ती अजून दोन वर्षांचीही नव्हती, एक दिवस येऊन म्हणाली की कुत्रं म्याव करतं, आणि बापाच्या तोंडाकडे बघून हसायला लागली. त्याला आधी वाटलं हिचं चुकलं, मग कळलं की ही विनोद करतेय, आयुष्यातला पहिला. कुत्रं भू भू करतं हे पक्कं झालं आणि पक्कं झाल्याबरोबर ते उलटं करून बघायची हौस आली. मग काय, बापानेही म्हटलं, कोंबडा पण म्याव करतो! त्याचं म्हणणं हेच की उलटं हसायला येतं ते सुलटं माहीत असल्यावरच. म्हणजे काकांचं अर्धं बरोबर आहे बरं का. ज्याने हत्ती पाहिलाच नाही त्याला कपातला हत्ती हे नुसतं चित्र, कप असा आणि हत्ती तसा. पण तुझा गुंड्या त्या पानावर हसला असं वहिनी म्हणाली ना? मग त्याला हत्ती केवढा असतो ते ठाऊक आहे, तोंडाने म्हणत नसला तरी. परीक्षा झाली, पास.

आणि मोठ्यांचंही तसंच असतं. एडवर्ड लिअर म्हणून एक इंग्रज कवी आणि चित्रकार, ज्याचं नॉन्सेन्सचं, म्हणजे मुद्दाम उलट्यापालट्या कवितांचं, पहिलं पुस्तक १८४६ ला आलं, तो १८७३ ला आपल्याकडे आला होता, मुंबईत उतरला, वर्षभराहून जास्त देशभर फिरला. इथे असताना त्याने एक कविता केली, ती १८७४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात छापूनही आली. त्यात आपलेच रोजचे शब्द भलत्याच जागी बसवलेत. बाई धोब्यावर बसून चांदणी बघते, पंखे तिच्या रूपाचं कौतुक करत जातात, आणि शेवटी कमरबंद येऊन तिला गिळतो. लंडनच्या माणसाला ते नुसतं गूढ वाटेल. आपण मात्र पोट धरून हसतो, कारण धोबी कपडे धुतो आणि कमरबंद कंबरेला बांधतात हे आपल्याला पाठ आहे.

पण मला लिअरचं खरं कौतुक वेगळंच आहे. हा माणूस पोटासाठी पक्षी काढायचा. विशीच्या आत-बाहेर त्याने पोपटांची चित्रं केली, जिवंत पोपट समोर ठेवून, पीस न् पीस मोजल्यासारखी. म्हणजे त्याचे ते वेडेविद्रे लांब नाकाचे म्हातारे काढणारा हात पक्का होता. आणि हे तू बघत गेलास ना की सगळीकडे सापडतं. तो इंग्रज अँथनी ब्राऊन, ज्याच्या चित्रात किटलीला हळूच मांजराचे कान फुटतात, तो आधी मँचेस्टरच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची चित्रं काढायचा, तीन वर्षं! आतडी काढून काढून हात बसला आणि मग किटली. तसलीच भलती चित्रं काढणारा बेल्जियन चित्रकार मागरित, त्याची नक्कल करतो म्हणून लोक बोलतात त्याला, मला काही वाटत नाही, मागरितही वॉलपेपरच्या कारखान्यात राबलेलाच. आणि आपल्याकडे बंगालीतला नॉन्सेन्सचा कवी सुकुमार राय. इंग्लंडला जाऊन छपाई शिकून आलेला, हाफटोन (बारीक ठिपक्यांनी फोटो छापायची पद्धत) आणि फोटोग्राफीचा पक्का टेक्निकल माणूस, आणि कविता काय तर बदक आणि साळिंदर जोडून एकच प्राणी, बगळा आणि कासव जोडून दुसरा. चित्रंही स्वतःचीच. बदक संपतं कुठे आणि काटे सुरू होतात कुठे ते बघ कधीतरी, सांधा दिसत नाही. त्यांचं ते 'आबोल ताबोल' पुस्तक १९२३ च्या सप्टेंबरात छापून आलं, ते गेल्यावर नऊ दिवसांनी. काळा आजार. वय ३५. हातात घेऊन बघायचंही राहिलं रे त्या माणसाचं. असो.

उलट उदाहरण पण देतो, नाहीतर म्हणशील हा नेहमीसारखा ताणतोय. मॉरिस सेंडाक म्हणून एक अमेरिकन, पोरांची चित्रपुस्तकं करणारा, त्याला आधी पुस्तक जंगली घोड्यांवर करायचं होतं, करारही त्याच नावाने झालेला, पण पठ्ठ्याला घोडे काही जमेनात. मग त्याने घोडे सोडून 'जंगली काहीतरी' काढायचं ठरवलं आणि लहानपणी घरी येऊन गालगुच्चे घेणारे, दात पुढे आलेले काका-मावश्या आठवून ते राक्षस केले. १९६३ चं पुस्तक, अजून छापतात. म्हणजे घोडा नाही जमला तरी चालतं, पण मावशी नीट बघितलेली पाहिजे.

आता भीतीचं. हे काकांना सांगू नकोस, पण या पुस्तकांनी पोरं घाबरतात कधीकधी, मी खोटं बोलणार नाही. ताईकडे एक पुस्तक आहे, त्यात रात्री घराच्या भिंतीला डोळे उघडतात. नुसते डोळे, बाकी भिंत जशीच्या तशी, प्लास्टर उडालेलं, खिळा, सगळं. आमची भवानी, माशाला मीटर विचारणारी, त्या पानाला जाम टरकते. त्या पानाला आम्ही कपड्यांचा चिमटा लावून ठेवलाय, निळा, गच्चीतल्या दोरीवरचा. पण रोज रात्री पुस्तक तेच पाहिजे असतं, चिमट्यापर्यंत यायचं, चिमट्याला हात लावायचा, "आज नको" म्हणायचं आणि दोन्ही पानं एकदम उलटायची. मागच्या आठवड्यात ताईला म्हणाली थोडासा काढ. थोडासा म्हणजे काय तर कोपरा उचलून एका डोळ्याने आत बघितलं आणि परत लावला. ताई म्हणते पुस्तकच लपवून ठेवू का? मी म्हटलं अजिबात नको, चिमटा तिच्या हातात आहे ना, मग ठीक आहे. तुझ्याकडे तसं काही झालं तर घरात चिमटे असतीलच.

सेंडाकनेही हे बरोबर ओळखलेलं. त्याच राक्षसांच्या पुस्तकात एका पोराच्या खोलीचं जंगल होत जातं तसतशी त्याची चित्रं पानावर पसरत जातात, मधोमध तर शब्दच नाहीत, दोन्ही पानं भरून नुसता दंगा, आणि मग परत आकसत येतात, आणि पोरगा घरी येतो तर जेवण अजून गरम. ते गरम जेवण नसतं तर अख्ख्या पुस्तकाला चिमटा लावावा लागला असता.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं काका म्हणाले ना, ते मात्र मला लागलं. आपल्या आज्ज्यांनी काय केलं मग? चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, हे ऐकत भात खाल्ला आपण, कुणी विचारलं का चिमणीने मेण कुठून आणलं? माझी आजी तर दळण निवडताना मुक्ताईचा अभंग म्हणायची, मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी. अर्थ आहे त्याला, मोठा आहे, मला पन्नाशीला आल्यावरही पुरता कळलाय असं नाही. पण पाच वर्षांचा असताना मला मुंगी दिसायची, तिचं पोट आतून लालभडक पेटलेलं दिसायचं, आणि मला काळजी एकच की आता आजीचे पापड वाळणार कसे. त्याच अभंगात शेवटी माशीला घार होते आणि ते बघून मुक्ताई हसते. सातशे वर्षांपूर्वीची बाई हसली, आणि आमचा प्रकाशक विचारतो बोध काय.

बरं, ही खरी दुनिया तरी कुठे सरळ आहे? जानेवारीत भाचीला घेऊन ऐरोलीला गेलेलो, खाडीवर ते जैवविविधता केंद्र आहे तिथून बोट सुटते फ्लेमिंगो बघायला. मागे टॉवर, विजेच्या तारा, चिखलाचा वास, आणि त्यात हजारो गुलाबी पक्षी एका पायावर. बोटीवरच्या माणसाने सांगितलं की ते जे शेवाळ आणि किडे खातात त्याच्यामुळे गुलाबी होतात, आणि खातात ते डोकं उलटं करून, चोचीचा वरचा भाग खाली. हे माहितीच्या पुस्तकात छापतात, त्याला कुणी पेन्सिल लावत नाही. भाचीने मात्र बोटीवरच्या माणसाकडे असं बघितलं की हा फेकतोय. घरी येताना मला म्हणाली, तो काका गंमत करत होता ना? म्हणजे मासा रिक्षा चालवतो ते चालतं आणि फ्लेमिंगो गंमत!

तर पुस्तक राहू दे घरात. काकांनाच वाचायला सांग त्याला, खुर्चीच्या केसांना तेल कोण लावतं ते दोघं मिळून ठरवतील. एकच सांगतो, वाचताना 'असं नसतं हं खरं' म्हणून शिकवायला जाऊ नका, त्याला माहितीय. आणि काहीही कुठेही चिकटवलेलं, झकपक रंगाचं, पानापानाला नवीन चमत्कार आणि कशाचा कशाला पत्ता नाही, असलं घेऊ नका, तसली ढिगाने निघतात हल्ली. ओळखायचं कसं तर गुंड्याला त्यावर प्रश्न पडतात का ते बघ. प्रश्न पडत नसतील तर चित्रकाराला पण पडलेले नाहीत.

मी सिग्नलचे तीन रंग घातले नाहीत. काम गेलं, जाऊ दे, दुसरीकडे दाखवतो, बायकोचा चेहरा काय झाला असेल तू समजून घे. पण ती बारा पानं परत काढायला घेतलीत. मीटर लावला, खाली ते छोटं लाल 'भाडे' पण लिहिलं. शर्टाला बटणांऐवजी चेन केली, पराने ओढता येते. भोपळ्याच्या खिडकीवर मात्र अडलोय. गोल कापली तर जहाज वाटतं, चौकोनी कापली तर झोपडी. आणि सुट्टे द्यायचे तर म्हातारीचा हात कोपरापर्यंत बाहेर यायला हवा, म्हणजे खिडकी खालीच पाहिजे, पण खाली घेतली की म्हातारीचा चेहरा दिसत नाही.

सोबत त्याच पानाचा कच्चा कागद पाठवतोय. गुंड्याला दाखव आणि खिडकी कुठे पाडू विचार. तो जिथे बोट ठेवेल तिथे पेनने खूण करून फोटो काढून पाठव, पण गुरुवारच्या आत, मला रंग लावायचाय.

तुझा,
बंड्या

ता.क. बगळ्याने चौथ्या सीटचे पैसे द्यायचे की नाही यावर ताईच्या घरी अजून भांडण चालू आहे.