लाईन लागली, पण बोलणं सुरू झालं का?

पुणे,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तू लिहिलेला प्रोग्रामच सगळं करतो म्हणतेस, मग कंपनी तुला पगार कशाचा देते?" मी हसून विषय बदलला. कुकरची शिट्टी झाली हे खरं, पण झाली नसती तरी मी दुसरं काहीतरी निमित्त काढलं असतं. आई मागेच होती. तिने सगळं ऐकलं आणि एक शब्द बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं मला आठवडाभर पुरलं, म्हणून हे पत्र.

आईला माझं काम एका वाक्यात कळेल: टेलिफोनच्या तक्रारींचा तुमचा 198 नंबर असायचा ना, तशी मी कंपन्यांच्या कॉम्प्युटरच्या 198 वर बसते. एक्स्चेंजमधला परगावचे कॉल हाताने जोडायचा ट्रंक बोर्ड काढल्यावर तुला तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं ना, तसंच. "आमचा फोन डेड आहे" म्हणून कोणी सांगितलं की तू नोंद करायचीस, डॉकेट नंबर द्यायचीस आणि लाइनमनच्या मागे लागायचीस. आमच्याकडे डॉकेटला टिकीट म्हणतात आणि लाइनमन बऱ्याचदा मीच असते, एवढाच फरक.

सोमवारी सकाळी साडेनऊपासून अकरापर्यंत एकच रडगाणं: पासवर्ड विसरलो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठ असलेला पासवर्ड दोन दिवसांत कुठे जातो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मग कोणी नवीन रुजू झालं की त्याचं अकाउंट, मेल, कुठल्या फोल्डरला हात लावायची परवानगी, कुठल्याला नाही. कोणी सोडून गेलं की हेच सगळं उलट्या बाजूने बंद करायचं, आणि ते त्याच दिवशी. शिवाय डिस्क भरणं. प्रत्येक सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची कामं करणारं मुख्य मशीन, आपली रोजनिशी लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. ती वेळच्या वेळी आवरली नाही तर सगळी जागा तीच खाते आणि सर्व्हरला कामाला जागा उरत नाही. हे नेमकं रात्री अडीचला होतं. उठायचं, लॉगिन करायचं, जुने लॉग काढायचे, परत आडवं व्हायचं. झोप मात्र तोवर गेलेली असते. माझी अशी पाच वर्षं गेली.

यातलं बहुतेक सगळं आता मशीन करतं. लॉग आवरायला एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम आहे आणि ती चालवायला क्रॉन. क्रॉन म्हणजे युनिक्स या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीवाल्यांनी 1970च्या दशकातच करून ठेवलेला घड्याळजी. त्याला पाच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. तेवढ्यावर तो मुकाट्याने काम करतो. रोज पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी, दिवाळी असो की संप. नवीन माणसाचं अकाउंट आता एचआरने नाव भरलं की आपोआप तयार होतं. पासवर्डही ज्याचा त्याने फोनवरच्या ओटीपीने बदलायचा.

बाबा, तुम्ही म्हणाल, जमत होतं की हाताने. काही गोष्टी हाताने जमायच्याच बंद होणार आहेत. तुम्ही दोघं आत्ता नोव्हेंबरात हयातीचा दाखला देता ना, तसा प्रत्येक वेबसाइटलाही एक दाखला लागतो, सर्टिफिकेट म्हणतात. ते संपलं की ब्राउझर लोकांना दारातच अडवतो, "ही जागा सुरक्षित नाही." आजवर ते जास्तीत जास्त 398 दिवसांचं मिळायचं. 15 मार्च 2026पासून 200 दिवसांचं, 2027च्या मार्चपासून 100 दिवसांचं आणि 2029च्या मार्चपासून फक्त 47 दिवसांचं. चोरीला गेलेलं सर्टिफिकेट फार दिवस वापरता येऊ नये, हे त्यामागचं एक कारण. आता विचार करा, दर 47 दिवसांनी हयातीचा दाखला, तोही आळीतल्या प्रत्येक पेन्शनरचा, आणि सगळ्यांच्या तारखा वेगळ्या. माझ्याकडे अशा तीनशेच्या वर साइट आहेत. हे माणसाने वहीत तारखा लिहून करायचं काम राहिलेलंच नाही.

आता मी तुम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या डेटाबेसचा बॅकअप मी क्रॉनवर टाकला होता. रात्री डेटा बाहेर काढायचा, तो दाबून लहान करायचा आणि दुसऱ्या मशीनवर ठेवायचा. सकाळी मला "यशस्वी" असा मेल यायचा, मी चहा पिता पिता तो बघायचे. एके दिवशी त्यांना आठ दिवसांपूर्वीचा एक तक्ता परत हवा होता. मी फाइल उघडायला गेले, तर फाइल 20 बाइटची. वीस. तुमचं नाव आणि आडनावही त्यात जेमतेम मावेल. मागची बघितली, तीही 20. अशा ओळीने एकोणीस रात्री.

झालं असं होतं की कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. डेटा बाहेर पडतच नव्हता. दाबून लहान करणारा प्रोग्राम मात्र प्रामाणिकपणे "काही नाही" हेच दाबून ठेवत होता, आणि त्या रिकाम्या पुडीचा आकार बरोब्बर 20 बाइट होतो. दोन कामं एकापुढे एक जोडली की शेवटचं काम नीट झालं म्हणजे सगळं नीट झालं, असं सिस्टिम मुळात धरून चालते. तसं धरू नकोस, असं तिला वेगळं सांगावं लागतं. एका शब्दाची गोष्ट, पण मी सांगितली नव्हती. नशीब, तो तक्ता त्यांच्याच एका जुन्या लॅपटॉपवर सापडला. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

अशा चुका मोठमोठ्यांच्याही होतात. 31 जानेवारी 2017ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच्या फाइलीच उडवल्या. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कधीपासून फसत होता. तो फसल्याचे मेलही निघत होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते, कोणाला मिळतच नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःच जगासमोर लिहून ठेवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मी माझं वीस बाइटचं प्रकरण टीमला सांगायला दोन दिवस घेतले होते.

आई, तेव्हा मला तुझी ट्रंक कॉलची रीत आठवली. मी लहान असताना शाळा सुटल्यावर कधी कधी कराडच्या एक्स्चेंजमध्ये येऊन बसायचे. तू लाईन जोडायचीस, पण लगेच सोडायची नाहीस. पलीकडून "हॅलो" आला, अलीकडून उत्तर गेलं, दोघं बोलायला लागले की मगच तीन मिनिटांची वेळ धरायचीस. मी विचारलं होतं, घंटा तर वाजली ना? तू म्हणालीस, "घंटा वाजली म्हणजे माणूस मिळाला असं नसतं."

आता दर आठवड्याला एक बॅकअप खरोखर उलगडून रिकाम्या मशीनवर चढवला जातो आणि त्यातल्या नोंदी मोजल्या जातात. आकडा जुळला तरच मेल येतो. मेल आलाच नाही तर दुसरं मशीन मला उठवतं.

दुसरी गोष्ट तुझ्या 198ची. एका कंपनीतल्या अकाउंटंट काकांचं अकाउंट सारखं लॉक व्हायचं. आम्ही स्क्रिप्ट लावली: लॉक झालं की आपोआप उघडायचं. तक्रारी थांबल्या, सगळे खूश. महिन्याने मी नोंदी चाळल्या तर ते अकाउंट दिवसाला अकरा-अकरा वेळा उघडलं जात होतं. काकांच्या जुन्या फोनमध्ये मेलचा जुना पासवर्ड तसाच राहिला होता, तो फोन दिवसभर दार ठोठावायचा. मूळ दुखणं दोन मिनिटांचं. पण तेच उद्या कोणी चोर ठोठावत असता, तरी माझी स्क्रिप्ट त्याला नम्रपणे पुन्हा पुन्हा दार उघडून देत राहिली असती. तू म्हणायचीस, एकाच नंबरची आठवड्यात तीनदा तक्रार आली तर डबडं बदलायचं नाही, केबलचा जोड बघायचा.

तर बाबा, पगार बहुतेक याचा मिळतो. तुम्हाला मागच्या वर्षीचा जुलै आठवत असेल, टीव्हीवर विमानतळावरचे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दाखवत होते. क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन बसली होती. अपडेट आपोआप पोचलं, पण मशीन सुरूच होत नव्हती, त्यामुळे दुरुस्ती तशी पोचेना. हजारो माणसं एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये चालू करून, एक फाइल हाताने काढत होती. आमच्याकडे ती भानगड नव्हती, पण त्या रात्री मी टीव्ही बंद करू शकले नाही.

आता आई जे बोलली नाही, त्याबद्दल. आमची रात्रपाळी पाच जणांची होती, आता तीन जणांची आहे. दोघांचं कंत्राट मार्चमध्ये पुढे वाढवलं नाही. त्यातला एक लातूरकडचा, पासवर्ड रीसेटची टिकिटं सगळ्यात जास्त तोच उरकायचा. ती टिकिटं संपवणारी स्क्रिप्ट मी लिहिली, आणि गंमत म्हणजे ती तपासून द्यायला तोच माझ्याबरोबर तीन रात्री बसला होता. त्याच्यासाठी मी दोन ठिकाणी शब्द टाकलाय. एकीकडून बोलावणं आलं, पुढचं अजून कळलं नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये "वेळेची बचत" असा तक्ता दाखवला, माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. मला कुठे बघावं कळेना.

आई, ऑटोमॅटिक एक्स्चेंज शोधणारा स्ट्रोजर हा अमेरिकेतला अंत्यविधीचं दुकान चालवणारा होता, हे तुला माहीत आहे का? ऑपरेटर बाई आपलं गिऱ्हाईक स्पर्ध्याकडे जोडून देते असा त्याचा संशय होता, अशी कथा सांगतात. 1891 साली त्याला पेटंट मिळालं. तुला भेटला असता तर तू त्याला चांगलं सुनावलं असतंस. मला मात्र बोर्ड काढला तो दिवस आठवतो. मी सातवीत होते. तू घरी येऊन हेडसेट कपाटात ठेवलास आणि नेहमीसारखी भाकरी करायला बसलीस. आम्ही कोणी काही विचारलं नाही.

बाकी सगळं ठीक. बाबा, दाखल्याचं फेस ॲप तुमचा चेहरा घेत नसेल तर चष्मा काढून, खिडकीकडे तोंड करून बघा. तरी नाही झालं तर बँकेत रांग लावू नका, मी 15 तारखेला, शनिवारी येते आहे. तोवर ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

आणि आई, तुझ्याबरोबर रात्रपाळीला असायच्या त्या इस्लामपूरच्या मावशी, मला लिमलेटच्या गोळ्या द्यायच्या त्या. बोर्ड गेल्यावर त्यांचं पुढे काय झालं? मी आले की सांग.

तुमची,
मनू